शून्यावरचं नाव

१

चिखलीच्या बाजारात बियाण्यांच्या दुकानावर एक खोली आहे. तिच्याकडे जाणाऱ्या जिन्याला सतरा पायऱ्या. शरयू त्या सतरा मोजायची आणि तिची सहा वर्षांची आरोही सोळा. हे भांडण रोजचं. शाळा सुटली की आरोही जिन्यापाशी दप्तर आईच्या खांद्याला अडकवायची, पहिल्या पायरीवर दोन्ही पाय जुळवून उभी राहायची आणि ठणकावून म्हणायची, "शून्य!" मग एक, दोन, तीन करत वर. शेवटच्या पायरीवर "सोळा" म्हणून आईकडे बघायची, जणू एक पायरी तिने फुकटात वाचवली.

दोष आईचाच होता. शरयू त्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइट बनवायची, पीएचपी नावाच्या भाषेत, आणि त्या भाषेत तिला सगळ्यात प्रिय काय असेल तर अॅरे. अॅरे म्हणजे फार काही नाही, स्वयंपाकघराच्या फळीवर ओळीने लावलेले डबे. प्रत्येक डब्याला नंबर, प्रत्येक डब्यात एक वस्तू. फक्त पहिल्या डब्याचा नंबर एक नसतो, शून्य असतो. हे तिने पोरीला एकदा हौसेने समजावलं आणि पोरीने ते असं डोक्यात घेतलं की शाळेतून चिठ्ठी आली. आरोहीचा बाप वैजनाथ स्वतः गणिताचा मास्तर. त्याने चिठ्ठी वाचून कपाळावर हात मारून घेतला आणि नंतर गुपचूप पोरीला चॉकलेट दिलं.

ते बोंडअळीचं वर्ष. बीटी कापसाला अळी लागत नाही या भरवशावर अख्ख्या जिल्ह्याने पेरणी केली होती, आणि दिवाळीच्या सुमारास बोंडं फोडून बघितली तर आत गुलाबी अळ्या. खालच्या दुकानात माणसं यायची, बियाण्याची रिकामी पाकिटं काउंटरवर ठेवायची आणि तशीच उभी राहायची. पेपरात रोज कुणाचं ना कुणाचं नाव असायचं. गावातला एखादा माणूस कमी झाला तर लोक चार दिवस हळहळायचे आणि पुन्हा वेचणीला लागायचे. कमी होण्याची सवय झाली होती.

अशात शरयूला उंद्रीजवळच्या एका जिनिंगचं, कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचं, काम मिळालं. कापूस भरलेल्या बैलबंड्यांची लांबच लांब रांग लागायची, नंबरावरून बाचाबाची व्हायची. तर रोजची यादी वेबसाइटवर चढवायची, फाटकावर मोठा बोर्ड लावायचा, आणि फाटकावरच्या माणसाने बटन दाबलं की बोर्डावर पुढचं नाव यायचं. सोपं काम. एक यादी, एक अॅरे, एक बटन.

पान चालतं का ते बघायला काही नावं लागतात. शरयू ती घालत असताना आरोही तिच्या खुर्चीच्या हातावर बसली होती.

"माझं नाव शून्यावर."

"शून्यावर बाबा. ते मोठे आहेत."

"नाही. मी. मीच शून्य."

हट्टापुढे काय चालतं! शून्यावर आरोही, एकवर शरयू, दोनवर वैजनाथ. जिनिंगची यादी आलीच नाही तर पान ओकंबोकं दिसू नये म्हणून शरयूने एक सोयही करून ठेवली: यादी रिकामी असेल तेव्हा ही तीन नावं दाखव. काम संपलं की ही सोय उडवायची होती. उरलेलं काम वहीत लिहायचं आणि झालं की पुढे बरोबरची खूण करायची, ही तिची जुनी सवय. वहीत तिने लिहिलं, "चाचणीच्या यादीतून आरोहीचं नाव काढणे." आणि विसरून गेली.

२

जिनिंगच्या वजनकाट्यावर शकीलचाचा होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. गाठोडी मोजताना चाचा "बरकत, दोन, तीन" असं मोजत. पहिल्याला एक म्हणायचं नाही, बरकत म्हणायचं, ही जुनी रीत. अजूनही कितीतरी मापारी पाळतात. चाचा ती जरा जास्तच पाळत. त्यांच्या रजिस्टरच्या रोजच्या पानावर पहिल्या ओळीत नुसतं "बरकत" लिहिलेलं असे आणि माणसांची नावं दुसऱ्या ओळीपासून. पहिला नंबर कुणालाच मिळत नसे. काटा सुरू करण्याआधी चाचा मूठभर कापूस बाजूला मातीत टाकत आणि मग दुसऱ्या नंबराला हाक मारत.

फाटकावर दयाराम होता. रजिस्टरमधली नावं वेबसाइटवर चढवायचं काम त्याचं. पहिल्या ओळीत नाव नाही, म्हणून तो पहिला रकाना कोरा सोडून देई. परिणाम असा की रोज सकाळी अकराला त्याने पहिलं बटन दाबलं की बोर्ड कोरा.

"मॅडम, लोकं हासून राह्यले मले," त्याने फोनवर गाऱ्हाणं घातलं. "म्हनते, दयाराम, तुहं नाव पुसलं का बे? काही तरी करा."

मागून चाचांचा आवाज आला, आणि मग फोनच त्यांच्या हातात गेला.

"बेटा, ते कोरं हाय तं कोरंच राहू दे. पह्यली जागा मानसाची नसते."

"मग कुणाची असते, चाचा?"

"ते मले काय ठाऊक? अब्बा नव्हते देत, मी नाही देत. आजवर कोनी इचारलं नाही."

शरयूला हसू आलं. तिला चाचांचा राग नव्हता. उलट पहिल्याला एक न म्हणणारा दुसरा माणूस भेटला म्हणून मजाच वाटली. पण कोरा डबा म्हणजे चूक, एवढं तिला शिकवलेलं होतं. तिने एक ओळ लिहिली. रिकामे डबे काढून टाक आणि उरलेले पुन्हा शून्यापासून लाव. दोन मिनिटांचं काम. दयाराम खूश झाला.

सोमवारपासून रांगेतला पहिला माणूस शून्यावर बसू लागला.

३

गुरुवारी दुपारी चाचांचा फोन आला. ते स्वतःहून कधी फोन करत नसत.

"बेटा, इथं चार बंड्या उभ्या हायेत."

"रांगेत तर चाळीस असतील, चाचा."

"रांगेत नाही. काट्यापाशी. कापूस भरेल हाय, बैल जुपेल हायेत, अन् मालक नाही. सोमवारी एक होती. मंगळवारी दोन झाल्या. रोज एक वाढून राह्यली."

"वैतागून गेले असतील कुठे तरी. येतील."

"बैल सोडून कोन जाते, बेटा?"

तिने सोमवारची यादी उघडली. एकेचाळीस डबे, शून्य ते चाळीस. एक ते चाळीस नावं होती. शून्यावर काहीच नव्हतं.

तिने मंगळवार उघडला. शून्य कोरं. बुधवार कोरा. आजचाही कोरा.

दयारामने पुन्हा पहिला रकाना सोडला असणार, असं तिच्या मनात आलं आणि लगेच पुसलं गेलं. सोडला असता तरी तिच्या ओळीने तो डबा उचलून फेकून दिला असता. कोरा डबा या यादीत टिकूच शकत नव्हता. तिने ओळ दहादा वाचली, वेगवेगळी नावं घालून चालवून बघितली. ओळ बरोबर होती. यादीत नाव गेलं होतं, बटन दाबेपर्यंत नाव होतं, आणि नंतर डबा तिथेच ठेवून आतलं कुणी तरी काढून घेतलं होतं.

बाजूला जमिनीवर बसून आरोही चित्रात रंग भरत होती. "आई, तू काय बघतेस?"

"चूक शोधतेय."

"सापडली?"

"नाही."

"मग चूक नसेल," आरोही म्हणाली आणि सूर्याला हिरवा रंग दिला.

४

शुक्रवारी दुपारी शरयू स्वतः जिनिंगवर गेली. एव्हाना पाच बंड्या झाल्या होत्या. काट्याच्या उजव्या हाताला, निंबाखाली ओळीने उभ्या. एक, दोन, तीन, चार, पाच. तिच्या डोक्यात मात्र त्या शून्यापासून लागल्या आणि तिला ते नकोसं झालं.

बैलांपुढे कडबा टाकलेला होता, त्याला तोंड लावलेलं नव्हतं. अंगावर माश्या बसल्या होत्या आणि एकही शेपूट हलत नव्हती. दहाही बैलांनी माना एकाच बाजूला वळवल्या होत्या, काट्याच्या लोखंडी पाटाकडे. पाटावर कोणी नव्हतं. तेवढ्यात फाटकावर दयारामने बटन दाबलं, बोर्डावर नवं नाव आलं, आणि दहाही बैलांचे कान एकदम उभे राहिले. मग हळूहळू खाली आले.

"दर नावाले असंच करते," चाचा म्हणाले. "आपलं नाव पुकारलं का म्हनून पाह्यते जसे."

कॉम्प्युटरवर दयारामचा काडीचा विश्वास नव्हता. फाटकातून येणारी प्रत्येक बंडी तो आपल्या एका वहीतही टिपून ठेवायचा: नाव, गाव, मोबाइल नंबर. शरयूने ती वही मागितली. सोमवारच्या पानावर एकेचाळीस ओळी होत्या. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, पुंजाजी, उंद्री.

"हा कोण?"

दयारामने वही डोळ्यांजवळ नेली. "अक्षर माह्यंच हाय, मॅडम."

"हो, पण माणूस कोण?"

"नाही आठवत."

चाचांनीही नाव वाचलं. उंद्रीचा प्रत्येक कापूसवाला ते बापासकट ओळखत. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले, घरं मोजत असावेत. "उंद्रीत पुंजाजी नाही कोनी," ते शेवटी म्हणाले, पण त्यांचा आवाज बसला होता.

शरयूने त्या नंबरावर फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर एका बाईने उचलला.

"कोन? मी आशाबाई बोलतो."

"पुंजाजी आहेत का?"

"कोन पुंजाजी? बाई, हा फोन कोनाचा हाय तेच मले समजत नाही. खुटीवर एक सदरा टांगेल हाय, त्याच्या खिशात वाजते."

"सदरा कुणाचा?"

"नाही माहीत."

"घरात कोण कोण असतं, आशाबाई?"

"मी एकलीच हावो." मग पलीकडे टोपलीचं झाकण वाजलं. "पन सोमवारपासून मी भाकरी जास्तीच्या थापून राह्यलो. रोज उरते. काऊन थापतो, मलेच समजेना. बाई, तुमी कोनाले इचारलं? ते नाव पुन्ना सांगा."

शरयूने नाव सांगितलं. आशाबाईने ते सावकाश म्हणून बघितलं, शाळेतलं पोर नवा शब्द म्हणतं तसं. दोनदा म्हटलं. "नाही बाई," ती म्हणाली, "असं कोनी नाही." ती रडत होती, आणि आपण कशाला रडतोय हे तिला कळत नव्हतं.

शरयूने फोन ठेवला. तिला भीती वाटत होती, साधी, लहानपणची भीती. निंबाखाली बैल पाटाकडे बघत उभे होते.

५

घरी आल्यावर तिने वैजनाथला सगळं सांगितलं. तो मास्तर माणूस. त्याने पाच-सात कारणं दिली आणि सगळी पटण्यासारखी होती. दयारामने नाव चुकीचं लिहिलं असेल, नंबर चुकीचा लागला असेल, बाई म्हातारी असेल. शरयूने प्रत्येक कारणाला मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं. हिशेबी डोकं एकदा पटवून घ्यायचं म्हणालं की पटवून घेतं.

शनिवारी सकाळची शाळा. साडेदहाला आरोहीला घेऊन ती बाजारात पोचली आणि जिन्याशी येईतो फोन वाजला.

"मॅडम, आजची यादी चढवली," दयाराम म्हणाला. "तुमी काल म्हनत होत्या, पह्यलं नाव सांगजो म्हनून. पंजाबराव हाय. कालपासून उभा हाय बिचारा, हालला नाही जाग्यावरून. अकराले फाटक उघडतो."

रात्रभर समजूत घालून बसवलेलं सगळं त्या एका नावाने उधळलं. पंजाबराव नावाचा एक जिवंत माणूस, कालपासून उभा, आणि शून्यावर.

"दयाराम, थांब. उघडू नकोस."

"काऊन?"

"मी पाच मिनिटांत दुरुस्त करते. तोवर कुणालाच बोलवायचं नाही. असं कर, आजची यादीच पुसून टाक. पूर्ण. एकही नाव ठेवू नको."

"बरं. पुसतो."

आरोहीने दप्तर तिच्या खांद्याला अडकवलं. "आई, थांब ना, दोघी मोजू."

"तू ये मोजत. मी पुढे होते." शरयू दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली.

कॉम्प्युटर सुरू व्हायला त्याचा वेळ घेत होता. खालून आवाज आला, "शून्य!" शरयूने नेहमीसारखी वही उघडली, काय करायचं ते लिहायला: रिकामा डबा परत शून्यावर ठेवणे. जिन्यात आरोहीच्या बुटांचा आवाज वाजला. "एक." चाचांना विचारून त्यांच्या पानासारखं करायचं. "दोन." पहिल्या जागेवर माणूस येताच कामा नये. "तीन." तिने पान उलटलं, आणि तिला आपल्याच अक्षरात लिहिलेली, खूण न केलेली जुनी ओळ दिसली.

चाचणीच्या यादीतून आरोहीचं नाव काढणे.

यादी रिकामी असेल तेव्हा ही तीन नावं दाखव.

"चार."

तिने फोन उचलला. दयारामचा नंबर लावला. "पाच," आरोही म्हणाली, आणि थांबली. तिथे तिला रोज एक मुंगळ्यांची रांग बघायची असे. पलीकडे रिंग जात होती. "सहा."

"हां मॅडम. पुसली यादी. पन बोर्ड कोरा नाही होऊन राह्यला."

"दयाराम, बटन दाबू नको."

"तीन नावं येऊन राह्यले. तुमचंच हाय का त्यातलं एक?"

"सात." "आठ."

"बटनाला हात लावू नको! ऐकतोयस का?"

"दाबलं न, मॅडम. पाह्यलं म्हटलं, चालू हाय का. मोठ्ठं आलं बोर्डावर. पोरीचं नाव दिसते. आरो..."

"आरोही!" शरयू जिन्याकडे ओरडली. "धावत ये! मोजू नको, नुसती ये वर!"

"नऊ," जिन्यातून आवाज आला, हसरा, आईला चिडवणारा. "दहा."

शरयू दाराकडे धावली.

६

शरयू दारात उभी होती. हातात फोन होता, खांद्याला काही तरी अडकवलेलं होतं. जिना रिकामा होता. अर्ध्या जिन्यावर मुंगळे एका ओळीने चालले होते.

"हॅलो?" ती म्हणाली.

"हां मॅडम." दयारामही जरा गोंधळलेला वाटला. "मी काय म्हनत होतो?"

"यादी पुसली म्हणत होतास."

"हो. पुसली. बोर्डावर दोन नावं हायेत, शरयू अन् वैजनाथ. पह्यली जागा कोरी हाय."

"ती चाचणीची आहेत. मी काढते."

आपण एवढ्या धापा का टाकतोय, हे तिला कळेना. पळत जिना चढलो, म्हणून असेल. ती खुर्चीवर बसली आणि काम संपवूनच उठली. रिकामा डबा परत शून्यावर ठेवला, आता तो कुणालाही काढता येणार नव्हता. दयारामने यादी पुन्हा चढवली. पंजाबराव एकवर आला. त्याचा कापूस मोजला गेला, पंजाबरावने काट्यावर चाचांशी चार गोष्टी केल्या आणि तो बंडी घेऊन घरी गेला. चाचांनी फोन करून सांगितलं, "बेटा, आज बंडी नाही वाढली." शरयूला फार बरं वाटलं. एक माणूस वाचला होता.

मग तिने चाचणीची यादी उघडली. शून्य कोरं. एकवर शरयू. दोनवर वैजनाथ. तिने तिन्ही डबे पुसले, ती सोयही पुसली आणि वही जवळ ओढली. ओळ तिथेच होती. चाचणीच्या यादीतून आरोहीचं नाव काढणे.

आरोही. तिने ते मनात एकदा म्हणून बघितलं. चाचणीला माणूस कुठलीही नावं घालतो. छान वाटलं असेल, घातलं असेल. यादीत ते नाव आता नव्हतंच, म्हणजे काम झालेलं होतं. पेन कागदावर टेकवून ती बराच वेळ बसून राहिली. काहीतरी तिला कळायच्या बेतात होतं आणि तिला ते कळून घ्यायचं नव्हतं. मग तिने ओळीपुढे बरोबरची खूण केली.

खांद्याला अडकवलेलं दप्तर तिला तेव्हा कुठे जाणवलं. लहान मुलीचं, गुलाबी. खालच्या दुकानात आलेल्या कुणाचं तरी असणार. ती सतरा पायऱ्या उतरली, काउंटरवर ठेवून आली, म्हणाली, कोणी विचारायला आलं तर द्या. परत वर आली तर कॉम्प्युटरशेजारी जमिनीवर एक चित्र पडलेलं होतं. हिरवा सूर्य. तिने ते उचलून टेबलाच्या खणात ठेवलं. फेकवलं नाही.

७

शरयू आणि वैजनाथच्या लग्नाला आठ वर्षं झाली. त्यांना मूलबाळ नाही.

दुपारी शाळा आटोपून वैजनाथ वर आला. त्याच्या हातात कचोरीचा पुडा होता. शाळेतलं कोणी शेगावला गेलं की तो हमखास मागवायचा. टेबलावर पेपर पसरून त्याने पुडा सोडला. तीन कचोऱ्या. त्यातल्या दोहोंवर तळलेल्या मिरच्या ठेवलेल्या, एक नुसती.

"तीन का आणल्यास?" शरयूने विचारलं.

"मी तीनच सांगितल्या होत्या." वैजनाथ पुड्याकडे बघत राहिला. "एक बिनमिरचीची, असंही सांगितलं. तुला चालते ना तिखट?"

"मला चालते."

"मलाही चालते."

शरयूला उंद्रीच्या आशाबाईचा आवाज आठवला. भाकरी जास्तीच्या थापून राह्यलो. काऊन थापतो, मलेच समजेना. तिने वर बघितलं तर वैजनाथ तिच्याकडेच बघत होता, आणि तो बघत होता म्हणून तिने मान खाली घातली. त्याने आपली कचोरी खाल्ली, तिने आपली खाल्ली. तिसरी कागदावर राहिली.

खाली बाजार चालू होता. कोणी तरी मोटरसायकलला किक मारत होतं. जिन्याच्या पायथ्याशी बुटांचा आवाज झाला, दोन्ही पाय जुळवून उभं राहिल्यासारखा.

"शून्य!"

लहान मुलीचा आवाज. ठणठणीत. वैजनाथचा हात कागदावर थांबला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

दोघंही पुढच्या आकड्याची वाट बघत राहिली. पायरी वाजली नाही. आकडा आला नाही. मोटरसायकल सुरू होऊन निघून गेली, आणि तेवढ्या शांततेत पुन्हा तोच आवाज, जरासा हळू, कोणी खाली यावं म्हणून वाट बघणारा.

"शून्य."

"दुकानात आलेल्या कुणाचं तरी मूल असेल," शरयू म्हणाली.

"असेल," वैजनाथ म्हणाला.

तिच्या छातीत काही तरी दाटून आलं, आणि ते कुणासाठी दाटलंय हे आठवायला तिच्यापाशी काहीच नव्हतं. जिन्यातून पुन्हा हाक आली. शरयू उठली आणि तिने दार लावून घेतलं.